अंतऱ्याआधीची चाळीस सेकंदे

मार्च २०२५ मधली गोष्ट. ८ तारखेला लंडनच्या ‘अपोलो’ सभागृहात रॉयल फिलहार्मोनिक कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राने तमिळ चित्रपटसंगीतकार इलयाराजा यांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली दीर्घ रचना, वाजवली आणि त्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही छापून आल्या. त्यानंतरच्या एका घरगुती मैफलीत, गाणे संपून चहा फिरत असताना, विषय ओघाने तिकडे वळला. पाश्चात्त्य अभिजात संगीत आयुष्यभर निगुतीने ऐकलेले एक स्नेही तिथे होते. त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे. कप बशीत ठेवत ते प्रसन्नपणे म्हणाले, “चला, एक्याऐंशीव्या वर्षी का होईना, माणूस संगीतकार झाला.” त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता, उलट कौतुकच होते, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. हजाराच्या वर चित्रपट आणि सात हजारांच्या घरात गाणी ज्यांच्या नावावर सांगितली जातात, त्यांची पाठ प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलासारखी थोपटायची, हे मला पचले नाही. पण तिथल्या तिथे काही बोलताही आले नाही, कारण त्यांना नेमके काय उत्तर द्यावे हे माझे मलाच उमगत नव्हते.

एक उत्तर तयार होते, आणि इलयाराजांचे चाहते ते कधीपासून देत आले आहेत: त्यांचे प्रत्येक गाणे ही एक सिम्फनीच आहे, मग वेगळी सिम्फनी हवी कशाला? हे ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. साडेचार मिनिटांच्या गाण्यात सिम्फनी मावत नाही. एखादी सुरावट मांडायची, ती मोडायची, तिला दूर भटकू द्यायचे, ती विसरली गेली असे वाटेपर्यंत वाट पाहायची आणि मग वेगळ्याच रूपात परत आणायची, एवढी सवड गाण्यापाशी नसतेच. शिवाय या कौतुकाच्या आणि माझ्या स्नेह्यांच्या कौतुकाच्या तळाशी समजूत एकच आहे. सिनेमा खाली, सभागृह वर. वाद एवढाच की माणूस वर पोहोचला केव्हा. मला या वर-खालीचाच कंटाळा आला होता. तरीही दोन्हींत काही फरक आहे हे कानाला कळत होते, आणि तो फरक कशाचा आहे, याचा विचार पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

माझ्या पिढीतल्या पुष्कळ मराठी माणसांप्रमाणे मलाही इलयाराजा भेटले ते ‘सदमा’मधून. ते १९८३ साल. ‘ऐ ज़िंदगी गले लगा ले’ रेडिओवर लागे, सुरेश वाडकरांचा तो कोवळा, किंचित थरथरता आवाज येई, आणि ते गाणे गुणगुणताना मी दर वेळी एकाच जागी अडकत असे. मुखडा म्हणून व्हायचा, अंतरा पाठ असायचा. पण त्या दोन्हींच्या मधे जे काही वाजत होते ते एका गळ्यातून निघण्यासारखे नव्हते. व्हायोलिने एक म्हणत, गिटार दुसरेच म्हणे आणि खालून बेस गिटार स्वतःच्या तंद्रीत तिसरीकडे चाललेली असे. यातले कोणते गुणगुणायचे? एक धरले की दुसरे सुटायचे. शेवटी मी शब्द सोडून नुसता तो मधला तुकडाच ऐकण्यासाठी गाण्याची वाट पाहू लागले. मोठेपणी जेव्हा जर्मन रचनाकार बाखच्या संगीतात दोन-तीन ओळी एकमेकींना न दुखवता एकाच वेळी चालताना ऐकल्या, तेव्हा मला काही नवीन सापडल्याचा आनंद झाला नाही. ओळखीचे कोणी वेगळ्या गावात भेटावे तसे झाले.

या मधल्या तुकड्याला आपल्या ध्वनिमुद्रणाच्या दुनियेत सरळ ‘पीस’ म्हणतात. तीस-चाळीस सेकंदांचा मामला. मुंबईत पुष्कळदा कामाची वाटणी अशी असे की चाल संगीतकाराची आणि पीस अरेंजरचा, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याचा. शंकर-जयकिशन यांच्या त्या भरगच्च व्हायोलिनांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते, हे जाणकारांना ठाऊक असते. बाकीच्यांच्या लेखी अरेंजर नावाचा माणूस अस्तित्वातच नसे. गोव्याहून आलेल्या या वादकांच्या मनात सभागृहाचे स्वप्न कायम जागे होते. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा करून ते स्वप्न प्रत्यक्षात आणूनही पाहिले. पण आज सर्वसामान्यांना त्यांचे नाव माहीत आहे ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, एका विनोदी गाण्याच्या मुखड्यात ते गुंफले म्हणून. या पार्श्वभूमीवर इलयाराजांचे वेगळेपण डोळ्यांत भरते. त्यांच्याकडे ही वाटणीच नव्हती. चाल, पीस, प्रत्येक व्हायोलिनची ओळ, बासरीवाल्याने कुठे यायचे आणि कुठे गप्प राहायचे, सगळे एकाच हातातून पाच रेघांच्या कागदावर उतरत असे, आणि तेही पुढ्यात वाद्य न घेता. संगीतकार आणि अरेंजर एकाच अंगात असले म्हणजे चाल आणि पीस यांच्यातली शिवण नाहीशी होते. कित्येकदा तर अशी शंका येते की पीस आधी सुचला असावा आणि गायकासाठी मग त्यात जागा केली गेली.

हा हात तयार कसा झाला, त्याची कथा चित्रपटात घातली तर अतिरंजित वाटेल. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या डोंगरपायथ्याच्या खेड्यात १९४३ मध्ये जन्म. किशोरवयातच थोरले बंधू पावलर वरदराजन यांच्या पथकात भरती, आणि मग गावोगावच्या सभांमधून कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराची गाणी. लोकांना थांबवून ठेवील ते गाणे चांगले, हा तिथला एकमेव निकष. साठच्या दशकाच्या अखेरीस मद्रासला आल्यावर धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताचे व्याकरण गिरवले, शास्त्रीय गिटारची लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची परीक्षा सुवर्णपदकासह दिली. त्याच सुमारास सलील चौधरी दक्षिणेतल्या चित्रपटांसाठी मद्रासला येत, तेव्हा त्यांच्या वाद्यवृंदात हा तरुण गिटार वाजवत असे. मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीची सुरुवात ‘इतना न मुझसे तू प्यार बढ़ा’ म्हणून हिंदी श्रोत्यांच्या गळी उतरवणाऱ्या सलीलदांच्या समोर बसून गिटार वाजवणे, हेही एक शिक्षणच होते. जी. के. वेंकटेश यांच्याकडे पुष्कळ वर्षे, बहुतांशी कन्नड चित्रपटांसाठी, साहाय्यक म्हणून काम केले आणि १९७६ मध्ये संगीतकार म्हणून पहिला चित्रपट ‘अन्नकिळी’ आला. त्या चित्रपटाने तमिळ सिनेमात गावाकडचा आवाज आणला असे सगळेच लिहितात. तसे लिहिण्यात चूक काही नाही, पण त्या गावरान चालींच्या पाठीमागे स्वरांची जी मांडणी आहे ती गावात शिकता येणारी नव्हे, एवढे त्यात जोडायला हवे.

आता मला सगळ्यात आवडणारे उदाहरण. ‘चिट्टुकुरुवी’ या १९७८ च्या चित्रपटात एक गाणे आहे, ‘एन कण्मणी’. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि पी. सुशीला यांचे. प्रसंग मद्रासच्या सिटी बसमधला. दोघे प्रेमिक बसमध्ये आहेत, भोवती माणसे आहेत, त्यामुळे उघड काही बोलायची सोय नाही. बोलणे मनातल्या मनात. मग रचनाकाराने काय करावे? त्याने एकेका आवाजाला दोन-दोन ओळी दिल्या. एक ओळ चालू असतानाच तोच आवाज दुसरी, वेगळ्या चालीची ओळ तिच्यावर ठेवतो, आणि दोन्ही ओळी एकमेकींच्या पोकळ्यांत इतक्या बिनबोभाट बसतात की पहिल्यांदा ऐकताना दोन गाणी एकदम चालू आहेत हे लक्षातही येत नाही. आणि हे सगळे रंगात आलेले असताना बसचा कंडक्टर मधेच ओरडतो, तेनामपेट, सुपर मार्केट, उतरा! मला हा कंडक्टर फार महत्त्वाचा वाटतो. काउंटरपॉइंट नावाचे जे तंत्र शिकवण्यासाठी संगीतशाळांतून जाडजूड पुस्तके लावतात, ते इथे शहरातल्या गर्दीच्या बसमधून तिकीट काढून चालले आहे. आणि ते तिथे आहे ते मिरवण्यासाठी नव्हे. तोंड मिटलेले आणि मन बोलते आहे, ही स्थिती दाखवायला याहून नेमका उपाय कोणता असता?

म्हणजे सिनेमाने त्यांना तंत्रासाठी कारण दिले.

‘सिंधु भैरवी’ (१९८५) हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. कर्नाटक संगीतातल्या एका मानी गवयाची ती गोष्ट, आणि ती संगीतबद्ध करणारा माणूस कर्नाटक मैफलींच्या त्या जगाशी जन्माने कोणतेही नाते नसलेला. त्यात ‘कलैवाणिये’ नावाचे गाणे कल्याणीत, म्हणजे आपल्या यमनाच्या घराण्यात आहे, आणि त्यात सूर फक्त चढतात, उतरतच नाहीत. केवळ आरोहात गाणे बांधायचे म्हणजे वाक्य संपल्यावर खाली येऊन विसावण्याची मुभाच नाही, प्रत्येक ओळ वर जाऊन तिथेच सोडायची आणि पुढची पुन्हा खालून उचलायची. येसुदासांच्या आवाजात ते इतके स्वाभाविक वाटते की सांगितल्याशिवाय ही अट कळत नाही. दुसरे ‘पाडरियेन’. चित्रा यांनी गायलेले हे गाणे एका साध्यासुध्या लोकगीतासारखे सुरू होते. नायिका म्हणते, मला गाता येत नाही, मला शिकवलेले नाही. आणि तीच सुरावट पाहता पाहता कर्नाटक संगीतातले संतरचनाकार त्यागराज यांच्या ‘मरि मरि निन्ने’ या कृतीत, म्हणजे बंदिशीत, शिरते. ही कृती मुळात कांभोजी रागातली. इलयाराजांनी ती सारमतीत बांधली, म्हणजे लोकगीताच्या सुरांना जुळेल अशी. यावरून तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. मला त्यांचेही थोडे कळते, कारण कृतीचा राग बदलणे ही लहान गोष्ट नाही. पण त्या एका जोडणीत जे म्हटले गेले आहे ते म्हणायला एखाद्या विद्वानाला प्रबंध लिहावा लागला असता, आणि तो प्रबंध कोणी वाचला नसता. संगीतकार आणि गायिका दोघांनाही त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

गाणी झाली, पण चित्रपटाच्या संगीतकाराचा खरा कस लागतो तो पार्श्वसंगीतात, आणि तिथे वेळ अधिकच परका असतो. चित्रफितीच्या काळात दहा-अकरा मिनिटांचे एक रीळ पडद्यावर दाखवले जाई. इलयाराजांची पद्धत अशी की रीळ पाहायचे, मग कागद पुढे ओढायचा आणि सरळ लिहायला लागायचे. दार उघडते तिथपासून नायिका वळते तिथपर्यंत इतकी सेकंदे, त्यात इतके ठोके, अमुक ठोक्याला संवाद सुरू होतो म्हणून तिथे व्हायोलिने खाली उतरवायची. लिहिलेली पाने नकलनवीस वादकांसाठी उतरवून घेत आणि थोड्या वेळात ते संगीत वाजू लागे. यात रेंगाळायला वाव नाही. दृश्य सव्वा मिनिटाचे असेल तर सुचलेली सुरावट कितीही सुंदर असो, तिला सव्वा मिनिटानंतर मरावे लागते. गाणी आणि पार्श्वसंगीत ही दोन वेगळी कामे आहेत हे आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांनी १९९४ च्या चित्रपटांसाठी एकदा ओळखले होते, पण ते रुजायला २००९ च्या चित्रपटांचे पुरस्कार उजाडावे लागले. त्या वर्षी पुन्हा दोन विभाग झाले, आणि पार्श्वसंगीताचा पुरस्कार ‘पळशीराजा’ या मल्याळम चित्रपटासाठी त्यांनाच मिळाला. उशीर झाला, पण माणूस बरोबर निवडला.

या परक्या वेळाची परमावधी म्हणजे ‘हे राम’ (२०००). आपल्या अतुल कुलकर्णींच्या भूमिकेमुळे मराठी प्रेक्षकांना तो चित्रपट विशेष आठवत असेल. त्याचे संगीत आधी दुसऱ्या एका मान्यवर संगीतकारांनी केले होते आणि त्या चालींवर गाणी चित्रितही होऊन गेली होती. पुढे ते संगीत वापरता येईना आणि काम इलयाराजांकडे आले. गाणी पुन्हा चित्रित करायची नाहीत, असे ठरले. म्हणजे पडद्यावर ओठ हलत आहेत, पावले पडत आहेत, सतारीवर बोटे फिरत आहेत, आणि या सगळ्याला अगदी नवी चाल अशी बसवायची की ती पहिल्यापासून तिथेच होती असे वाटावे. त्यांनी ती बसवली. पंडित अजय चक्रवर्ती यांनी गायलेले ‘इसैयिल तोडंगुदम्मा’ ऐकताना त्यामागची ही कसरत मला अजूनही ऐकू येत नाही; मुद्दाम शोधायला बसले तरी येत नाही. पार्श्वसंगीतासाठी बुडापेस्टचा वाद्यवृंद घेतला होता. सिनेमाच्या संगीताला कमी लेखणाऱ्या कोणालाही मी हे एक गाणे ऐकवीन आणि मागाहून त्याचा इतिहास सांगेन.

मग प्रश्न असा की ज्याला सव्वा मिनिटात एवढे साधते, त्याला सगळा वेळ मोकळा दिला तर काय होईल? याचे पहिले उत्तर १९८६ चे आहे. ‘हाउ टु नेम इट?’ नावाचा, चित्रपटाशी संबंध नसलेला, केवळ वाद्यसंगीताचा संग्रह. त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केलेला. व्हायोलिनवर व्ही. एस. नरसिंहन. त्यातल्या एका रचनेचे नाव ‘आय मेट बाख इन माय हाउस’, आणि तिच्यात एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या बाखच्या ई मेजर पार्टिटातले ते धावते, उजळ प्रेल्यूड जसेच्या तसे येते आणि त्याच्या भोवती कर्नाटक वळणाची व्हायोलिने बोलू लागतात. त्याच्या लगेच पुढच्या रचनेचे नाव ‘अँड वी हॅड अ टॉक’. कॅसेटच्या काळात हा संग्रह हातोहात फिरला, आणि तमिळ न येणाऱ्या आम्हां लोकांना तर तो मोठाच आधार होता, कारण यात भाषेचा अडसर नव्हता. दोनच वर्षांनी ‘नथिंग बट विंड’ आला, पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसह. त्यात बासरीचा श्वास ऐकू येतो, अगदी फुंकर सुरू होण्याआधीची ती हवासुद्धा, आणि पाठीमागे तंतुवाद्यांचा मोठा ताफा तिला अंतर राखून सोबत करतो.

हे दोन्ही संग्रह मी पुष्कळ प्रेमाने ऐकले आहेत आणि तरी एक गोष्ट मनाशी कबूल करावीच लागते. त्यांच्यात मला तोच माणूस थोडा सैल झालेला ऐकू येतो. बाख घरी भेटतो, गप्पाही होतात, पण दोघे आपापल्या आसनावरून बोलतात. ‘एन कण्मणी’च्या बसमध्ये जशी एकाची ओळ दुसऱ्याच्या अंगाला लागून उभी होती तशी इथे फार थोड्या जागी राहते. एखादी सुंदर कल्पना येते, तीस-चाळीस सेकंदे फुलते, आणि नेमकी जिथे गाण्यात गायक येऊन तिला सोडवील तिथे ती थबकून दुसऱ्या कल्पनेला वाट करून देते. जणू मनातल्या मनात अंतरा येऊन गेला. दशकभर सेकंदे मोजून लिहिलेल्या हाताला ही सवय लागणे स्वाभाविक आहे. उलट ‘नथिंग बट विंड’मध्ये ती कमी जाणवते, आणि त्याचे श्रेय मी काही अंशी हरिप्रसादांना देते; आलापीत वाढलेला कलावंत समोर असला की वेळेला घाई करता येत नाही. हे माझे मत आहे, आणि चेन्नईतल्या एखाद्या रसिकासमोर ते मी जपूनच मांडेन.

सिम्फनीची ओढ जुनीच होती. १९९३ मध्ये ते लंडनला गेले, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून स्वतःची सिम्फनी वाजवून घेतली, ध्वनिमुद्रण झाले, इकडे वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले, आणि मग काहीच झाले नाही. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले नाही. त्यानंतर १२ वर्षांनी, २००५ मध्ये, माणिक्कवाचकर या शैव संतकवीच्या ‘तिरुवाचकम्’वरची रचना आली. पुन्हा बुडापेस्टचा वाद्यवृंद, समूहगान, आणि स्वतः इलयाराजांचा तो काहीसा खरबरीत, न सजवलेला आवाज. अभंगांवर वाढलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. भक्ताची ती लाचार आर्तता आपल्या ओळखीची आहे. ती पन्नासएक तंतुवाद्यांच्या मधोमध उभी केलेली ऐकताना आधी बिचकायला होते आणि मग त्या आवाजाचा खरबरीतपणाच तिला सावरून धरतो. त्यांच्या सभागृहासाठीच्या कामात मला ही सर्वांत खरी वाटते. कदाचित इथेही कोणी तरी आधीच वेळ ठरवून दिला होता म्हणून. कवितेच्या ओळी जशा संपतात तसे संगीताला वळावे लागते, जसे एरवी दृश्य संपल्यावर वळावे लागे.

या सगळ्यानंतर ‘व्हॅलियंट’. चार भागांची, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार महिन्याभराच्या आसपास लिहून पूर्ण केलेली. लंडनला जाणे मला शक्य नव्हते, त्यामुळे ती सभागृहात कशी वाजली याबद्दल मी काही म्हणणार नाही. त्या बातम्यांतले जे एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले त्याबद्दल मात्र म्हणता येईल. वाद्यवृंदासमोर छडी घेऊन मिकेल टॉम्स होते. इलयाराजा नव्हते. आणि माझ्या स्नेह्यांना द्यायचे उत्तर, किंवा उत्तराची सुरुवात, मला त्या जागी सापडली. चित्रपटातला पीस एकदाच घडतो. ठरावीक वादक, ठरावीक दिवस, लाल दिवा लागतो, संगीतकार समोर उभा असतो, टेक होतो, आणि तोच टेक म्हणजे ती रचना. पुढे कोणी तो वाजवला तर ती नक्कल ठरते. मूळ जे आहे ते ध्वनिमुद्रणातच राहते. ‘मौन रागम्’मधले ‘मंड्रम वंद’ २००७ मध्ये ‘चीनी कम’ होऊन श्रेया घोषालच्या आवाजात आपल्याकडे आले, ‘तुंबी वा’ २००९ मध्ये ‘पा’मध्ये ‘गुमसुम गुम’ झाले, पण ती स्थलांतरेसुद्धा त्यांनीच केली, त्यांच्याच देखरेखीखाली. सभागृहासाठी लिहिलेले संगीत मात्र कागदावर पुरे होते आणि रचनाकाराविना वाजवले जाण्यासाठीच लिहिलेले असते. फरक आहे तो एवढा. यात उच्च-नीच मला दिसत नाही. एक रचना माणसाच्या हजेरीवर उभी आहे आणि दुसरी त्याच्या गैरहजेरीवर.

इतकी वर्षे सगळे स्वतःच्या मुठीत ठेवलेल्या कलावंताने हे दुसरे मागावे, यात मला मोठे धाडस दिसते. कारण मूठ घट्ट आहे हे जगजाहीर आहे. गाण्यांच्या हक्कांवरून त्यांनी कंपन्यांना नोटिसा दिल्या, न्यायालयांचे उंबरे झिजवले, वर्षानुवर्षे ज्यांच्या गळ्यातून आपली गाणी लोकांपर्यंत गेली त्या एस. पी. बालसुब्रह्मण्यमनाही २०१७ मध्ये परवानगीशिवाय ती मंचावर गायल्याबद्दल नोटीस पाठवली. कायदा त्यांच्या बाजूने कितपत होता हा वेगळा विषय आहे. मला त्या बातमीने वाईट वाटले होते, आणि तरी त्यामागची भीतीही कळत होती. ज्याची रचना एका टेकमध्ये बंद आहे, त्याच्यापाशी तो टेक सांभाळण्यापलीकडे उरते काय? सिम्फनीचे तसे नाही. ती जगायची असेल तर ती अनोळखी हातांत द्यावीच लागते. उद्या एखाद्या दूरच्या शहरातला तरुण कंडक्टर, ज्याने इलयाराजांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही आणि पन्नैपुरम कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, ती पाने मागवील, दुसरा भाग लिहिलेल्यापेक्षा पुष्कळ संथ घेईल आणि हॉर्न्सना जरा जास्तच सैल सोडील. त्या रात्री लोकांना ती आवडली, तर ती खरोखर सभागृहाची झाली असे मी माझ्या स्नेह्यांना सांगेन. आणि ही बातमी चेन्नईला पोहोचली की रचनाकार त्या संथ लयीवर चांगलेच रागावतील, याविषयी मला फारशी शंका नाही.